टिक केलेलं भामरागड

हे झालं दोन हजार तेवीस साली. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी पोंभुर्ण्यातल्या आमच्या घरासमोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि घर रस्त्याच्या खाली गेलं. तेव्हापासून जाणारा-येणारा प्रत्येक माणूस आमच्या अंगणात वरून डोकावतो. पुढे जे घडलं ते पाहता आमचं सगळं चव्हाट्यावर येण्याची ती नुसती सुरुवात होती.

माझी स्मरणशक्ती दांडगी आहे. भामरागडच्या आश्रमशाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी कोणत्या रंगाचा मफलर घातला होता आणि तो त्यांनी वरणात कसा बुडवला, हे मी आजही सांगू शकते. अडचण एवढीच की माझ्या डोक्यात जुन्या मालाची वखार आहे, नव्या मालाला जागा उरलेली नाही. दूध गॅसवर ठेवलंय ही बातमी तिथे पोचते ती दुधाच्याच वासाने. आमचे हे, म्हणजे गुणवंतराव, लाकूड डेपोतून निवृत्त झालेले; त्यांच्याकडे वखार दोन्ही मालांना मोकळी आहे.

भामरागडची माझी जी मैत्रीण, रुखमा, तिच्यासाठी हा सगळा उद्योग झाला. ती आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. आम्ही एका खोलीत राहायचो. मला माडिया येत नव्हती, तिला मराठी येत नव्हती, त्यामुळे पहिलं वर्ष अजिबात भांडण झालं नाही. पुढे मी लग्न होऊन इकडच्या शाळेत आले, पण दर वर्षी एकदा तिच्याकडे जायचं हा नेम राहिला. जायची वेळही ठरलेली. तेंदूपत्ता चालू असेपर्यंत ती घरी सापडत नाही, जंगलात पानं तोडत असते. आणि पर्लकोटा नदी एकदा पुलावरून वाहू लागली की भामरागडला माणूस जात नाही. मधल्या चिंचोळ्या फटीतून आपण जाऊन यायचं. जाताना मीठ, चहापत्ती, सुकट न्यायची. येताना चारोळी, डिंक आणि तिचे टोमणे आणायचे.

दोन हजार बावीसला जायचं विसरलो आणि आम्हाला उशीर झाला. आलापल्लीला पोचलो आणि पुलावरून पाणी गेल्याचं कळलं. सगळं सामान घेऊन परत फिरलो. सुकटीचा वास बसमधल्या लोकांनी पोंभुर्ण्यापर्यंत सहन केला आणि आम्ही महिनाभर.

आणि या वर्षी मामला नुसत्या सुकटीचा नव्हता. हिवाळ्यात शिबिरात रुखमाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिचा मुलगा लालसू भामरागडला मुलांच्या वसतिगृहात नोकरीला आहे. त्याने चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी माझ्याकडे आणून दिली, मी चंद्रपूरहून चष्मा करवून आणला. तो आता पोचवायचा होता, पाणी चढायच्या आत. नाहीतर अख्खा पावसाळा त्या बाईला तांदळातला खडा, वाटेवरचा साप आणि नातवाचं तोंड, सगळं सारखंच धूसर दिसणार होतं.

"एसटीच्या कंडक्टरसंग पाठवून द्या न बाई," हे मला शेजारच्या रीतापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांनी सुचवलं. पूर्वी एकदा मी रुखमासाठी स्वेटर असाच पाठवला होता. तो सिरोंचापर्यंत फिरून होळीला माझ्याकडे परत आला. प्रवासाने त्याची एक बाही लांब झाली होती.

तर या वर्षी विसरायचं नाही, हे मी पुण्याला आमच्या दिव्यानीला फोनवर बोलले. दिव्यानी आमची मुलगी, कंप्युटरच्या कंपनीत आहे.

"आई, तू सगळं डोक्यात ठेवतेस म्हणून असं होतं. डोकं रिकामं ठेवायचं."

"ते तुझ्या बाबांनी आधीच केलंय."

तिने हसण्याची तसदी घेतली नाही. तिकडूनच सांगत सांगत माझ्याकडून फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून घेतलं. त्यात वहीसारखं लिहायचं. कामांची यादी केली की प्रत्येक कामाची आठवण रोज सकाळी ईमेलने येणार, काम होईपर्यंत.

"ईमेलच कशाला? घंटी वाजव म्हणावं."

"घंटी वाजली की तुम्ही दोघं 'कोणाचातरी फोन वाजतोय' म्हणून बसून राहता. ईमेल कसा, लेखी असतो."

हे मला पटलं. मी मास्तरीण, हे डेपोतले कारकून. लेखी म्हटलं की आमची मान आपोआप खाली जाते.

"तुझा ईमेल आहे ना?" तिने विचारलं.

"आहे तर," मी म्हणाले. मला त्याचा अभिमानच होता. बँकेने मागे कधीतरी ईमेल मागितला तेव्हा बाजारातल्या सेतू केंद्राच्या धनराजने तो काढून दिला होता. एका पुठ्ठ्यावर लिहून मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता. लालसूलाही नंबरच्या चिठ्ठीची पावती म्हणून मी तोच लिहून दिला होता, माझा ईमेल म्हणून.

आता इथे थोडं सविस्तर सांगायला हवं. आमच्या भागात दाखला, वीजबिल, पीकविमा, परीक्षेचा फॉर्म, जे काय ते सेतू केंद्रात होतं आणि प्रत्येक फॉर्म ईमेल मागतो. धनराजने सगळ्यांना ईमेल दिला होता. कोणी विचारलंच नाही की तो सगळ्यांना एकच का दिला. मला तर तसा प्रश्नही पडला नाही. मी भामरागडला असताना सगळ्या गावांची पत्रं शाळेतच येत. ज्या गावचा माणूस बाजाराला येई तो आपल्या गावची पत्रं नेई, वाटेत वाचून पाठ करी, आणि ज्याचं पत्र त्याला तोंडी सांगून मग कागद देई. तेव्हा पत्र जसं पोस्टात येतं तसा ईमेल सेतूत येतो, एवढी साधी समजूत माझी होती, आणि धनराजचीही तीच होती. फक्त पुण्यात ती समजूत वेगळी असते.

दिव्यानी म्हणाली, ईमेलवर आकडे आले असतील ते सांग. मी दुसऱ्या फोनवरून धनराजला विचारलं.

"आले न बाई. लिहा."

मी लिहिले. दिव्यानीला वाटलं आईला बरंच जमतं. मलाही तसंच वाटलं.

मग मी यादी केली. अर्धी वाक्यं लिहायची मला सवय नाही. मी स्वच्छ लिहिलं, 'यांच्या कवळीचा खालचा भाग तुटला आहे, तो दुरुस्तीस देणे.' 'यांच्या पोटाच्या तक्रारीबद्दल डॉक्टरांना विचारणे. यांच्यासमोर नको.' 'रीताची कोंबडी आपल्या पडवीत अंडी घालते आणि अंडी मात्र रीता नेते, हे न्याय्य नाही, असे तिला स्पष्ट सांगणे.' आणि सगळ्यात वर, 'चष्मा घेऊन भामरागडला जाणे, पाणी चढायच्या आत.'

प्रत्येक ओळीपुढे एक छोटी चौकट होती. दिव्यानीने सांगितलं, "आणि आई, टिक करायला विसरू नकोस." हे मला सांगायला नको होतं. पस्तीस वर्षं मी मुलांना परीक्षेच्या आधी सांगत आले, पुस्तकात या प्रश्नाला टिक करा, हा नक्की येणार. जे महत्त्वाचं त्याला टिक. मी भामरागडच्या चौकटीवर बोट ठेवलं. झकास बरोबरची खूण उमटली आणि ओळ मधोमध रेघ मारून कुठेतरी खाली निघून गेली. मला वाटलं, महत्त्वाचं म्हणून वेगळं जपून ठेवलं असेल. बाकीच्या ओळी तेवढ्या महत्त्वाच्या नव्हत्या, त्यांना मी टिक केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली आली. वांगी तोलता तोलता म्हणाली, "बाई, धनराजभाऊन सांगतलं का गुणवंतभाऊची कवळी तुटली, दुरुस्तीले द्या."

मी वांगी घेतली. धनराजने निरोप पोचवला, बरं केलं, असंच मला वाटलं. थोड्या वेळाने दूधवाला तेच सांगून गेला. दुपारी गिरणीवाला रस्त्यावरून, म्हणजे आमच्या डोक्यावरून, ओरडून गेला. धनराजची पद्धत अशी होती की आलेला ईमेल छापायचा आणि त्या गल्लीकडे जो कोणी निघाला असेल त्याच्या हाती द्यायचा. ज्याला वाचता येतं तो वाचत येई, ज्याला येत नाही तो कोणाकडून तरी वाचून घेऊन येई.

संध्याकाळी रीता आली. हातात कागद.

"तुमचा हाये बाई. धनराजभाऊन देल्ला. म्हणे तुमच्याच घराकडं चालली तर घेऊन जा."

मी वाचला. ती समोर उभीच होती.

"'रीताला स्पष्ट सांगणे,'" तिने मला आठवण करून दिली. "मंग सांगा न. मी उभीच आहो."

"अगं, तसं काही नाही."

"नाई कसं? लिवून आलं. कोंबडी माही, दाणे मी टाकतो, अन् अंडे तुमचे काऊन?"

"पडवी आमची आहे, रीता."

"म्हणजे अंडं पडवीनं घातलं का?"

मी कागदाची घडी घातली. त्या रात्री तिच्याकडून भाजीची वाटी आली नाही. गेली वीस वर्षं ती येत होती.

पण खरा मार बसला तो यांना. हे रोज सकाळी पानठेल्यावर जाऊन बसत. डेपोतले जुने सोबती तिथे जमतात, सागाच्या जुन्या लिलावांवर बोलतात, आणि यांना तिथे अजून 'साहेब' म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे गेले तसे परत आले. टोपी काढून खुर्चीत बसले. मी विचारलं, काय झालं?

"पानवाल्यानं विचारलं, गुणवंतभाऊ, झालं का आज?"

"काय झालं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम यादी आठवली.

"एक जण म्हणाला एरंडेल घ्या," हे शांतपणे सांगू लागले. "एक म्हणाला हिरडा. ज्याला मी नोकरीला लावलं तो वॉचमन म्हणाला, साहेब, बसायची पद्धत चुकते. आणि त्याने ठेल्यासमोर बसून दाखवलं." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "'यांच्यासमोर नको', असंही लिहिलं होतं म्हणे."

"मी काळजीने लिहिलं होतं."

"ते पण सगळ्यांना पटलं. म्हणाले, बाई चांगल्या आहेत."

मी चप्पल घालून सेतू केंद्रात गेले. धनराज खुर्चीत, समोर माणसांची रांग. माझ्या वर्गातलाच तो. तेव्हाही पाठीमागून उत्तरं पुरवायचा.

"धनराज, माझी पत्रं तू का वाचतोस?"

"वाचल्याबिगर कोणाची हाय ते कसं कळन जी बाई? साऱ्यांची एकाच जागी येते."

"साऱ्यांची म्हणजे?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. शेतीपंप, जातीचा दाखला, कोणाची नापास झाल्याची बातमी, कोणाच्या लग्नाच्या स्थळाचा बायोडाटा, आणि मध्ये मध्ये माझी कवळी, माझं पोट, म्हणजे यांचं, आणि रीताची कोंबडी. रोज सकाळी ताजी.

"तुम्हीच रोज पाठवून राह्यल्या," तो जरा दुखावूनच म्हणाला. "मी मनलं, बाईले लय तळमळ दिसते. म्हणून रोज माणूस पाठवतो. एक दिवस खाडा नाई केला."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "बाई, इसबगोल गरम पान्यात द्या."

मला वेगळा ईमेल काढून दे, असं मी म्हणाले. तो काढता येत होता. पण बँकेत, गॅसला, सगळीकडे जुनाच लागलेला. मी बँकेत गेले. तिथल्या मुलाने अर्ज घेतला, फोटो घेतला, आधार घेतलं आणि सांगितलं, ईमेल बदलायचा तर जुन्या ईमेलवर एक पत्र येईल, त्याला होकार द्या. ते पत्र धनराजकडे आलं. धनराजने नियमाप्रमाणे छापलं आणि गल्लीकडे निघालेल्या कोणाजवळ तरी दिलं. तो माणूस वाटेत लग्नाच्या पंगतीला बसला. कागद मिळाला तेव्हा त्यावर मठ्ठ्याचे डाग होते आणि होकाराची मुदत संपली होती. मी पुन्हा बँकेत गेले. तो मुलगा म्हणाला, पुन्हा अर्ज करा. फोटो दुसरा लागेल, त्यात तुम्ही हसताय. मी त्या फोटोत हसत नव्हते. माझी कवळी घट्ट आहे, तोंडाची ठेवणच तशी आहे. पण हे बँकेत सांगायचं कोणाला.

दमून मी दिव्यानीला एवढंच म्हणाले की ईमेल माझ्यापर्यंत नीट पोचत नाहीत. खरं काय ते सांगायला लाज वाटली.

"सोपं आहे," ती म्हणाली. "उलटं जोडू. येणारा प्रत्येक ईमेल तुझ्या यादीतच काम म्हणून दिसेल. पासवर्ड सांग."

मी धनराजला विचारलं. त्याने भर रांगेत ओरडून सांगितला. गावात तो बऱ्याच जणांना पाठ होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी यादी उघडली आणि आमच्या तालुक्याच्या पोटात काय काय आहे ते मला दिसलं. सगळे ईमेल माझी कामं झाले होते. कोणाचा पंप मंजूर करणे, कोणाच्या सातबारावर बापाचं नाव दुरुस्त करणे, कोणाच्या मुलाने नागपूरला परीक्षेला हजर राहणे. प्रत्येकापुढे रिकामी चौकट, माझी वाट बघत. माणसाने ते पुसून टाकावं आणि चहा करावा. पण मी मास्तरीण. वर्गात एका मुलाचा गृहपाठ राहिला तर माझं जेवण जात नसे.

मी निरोप द्यायला सुरुवात केली. बाजारात चैतू दिसला की, तुझ्या मुलीचं प्रवेशपत्र आलंय, शुक्रवार. अंजनाबाई दिसली की, अंगठा द्यायला तहसीलला जा. लोक आधी बिचकले, मग सवय झाली, आणि मग सकाळी अंगणाच्या काठावर, म्हणजे रस्त्यावर, उभे राहून विचारू लागले, "बाई, माह्यं काही आलं का?" ते वरून, मी खालून. यांनी खुर्ची आतल्या खोलीत नेली. उन्हाळा होता, आत पंखा नव्हता, पण पोटाची चौकशी तरी नव्हती. माझे पाय सुजले. रीताने तेवढ्यात एकदा वरून ऐकवलं, "साऱ्या गावाले न्याय देऊन राह्यल्या. माह्या कोंबडीचंच तेवढं राह्यलं."

या सगळ्यात तेंदूपत्ता कधी संपला ते मला कळलंच नाही. मी निश्चिंत होते. सगळ्यात महत्त्वाच्या कामाला मी पहिल्याच दिवशी टिक केलं होतं. जायची वेळ आली की ते अ‍ॅप मला सांगणारच होतं. ते सांगत नाही म्हणजे वेळ आली नाही, इतकं सरळ होतं.

मग एका सकाळी, आभाळ भरून आलं होतं आणि मी पंपांच्या आणि दाखल्यांच्या यादीतून खाली येत होते. मध्येच एक ओळ दिसली.

'आईले काय सांगू.'

मला वाटलं कोणीतरी फॉर्म चुकीचा भरला. उघडलं तर लालसूचं पत्र होतं, वसतिगृहाच्या कंप्युटरवरून. 'आशाबाई मॅडमले नमस्कार. तुमचा फोन लागून नाई राह्यला. वर छत्तीसगडकडं लय पानी पडलं, पर्लकोटा चढून राह्यली. आई रोज रस्त्यावर जाऊन बसते. मनते, आशा चष्मा घेऊन येते. तुम्ही येता का नाई, आईले काय सांगू.'

आणि पुढे ती रिकामी चौकट.

मी यांना हाक मारली. हे आतून आले, चष्मा लावून माझा फोन घेतला आणि खाली खाली सरकवत गेले. अगदी तळाला 'पूर्ण झालेली कामे' असं काहीतरी होतं. त्यात एकच ओळ होती, मधोमध रेघ मारलेली. चष्मा घेऊन भामरागडला जाणे, पाणी चढायच्या आत.

"हे तर झालंय म्हणते," हे म्हणाले.

मी उठून कपाट उघडलं. 

चष्मा शोधायला लागलो. कपाटात नाही, डब्यांमागे नाही, देवघरात नाही. तो पंचांगाजवळ ठेवल्याचं मला स्वच्छ आठवत होतं, पण मला आठवतं ते बहुतेक एकोणऐंशी सालचं असतं. तेवढ्यात पाऊस आला. हे निमूटपणे खुंटीवरचा रेनकोट काढून अंगात घालू लागले, खिशात हात घातला आणि चष्म्याची डबी काढून माझ्यापुढे धरली.

"तिथे कोणी ठेवली?"

"मी. भामरागडला जाताना रेनकोट तर नेणारच. मग विसरेल कसा?"

एवढ्या महिन्याभरात या घरात कोणी केलेली ही एकमेव नीट व्यवस्था होती, आणि ती अ‍ॅपशिवाय झाली होती. मी हे त्यांना अजून बोलून दाखवलेलं नाही.

आलापल्लीची बस गेली होती. मी सेतू केंद्रात जाऊन धनराजला म्हणाले, तुझी गाडी काढ. रांग होती. धनराजने रांगेकडे पाहिलं. इसबगोलवाला म्हातारा म्हणाला, "जा न बावा. बाईचंच तं काम राह्यलं आता. आमचे झाले सारे."

गाडीत बसलो तर रीता येऊन मागे चढली. मांडीवर भुशात भरलेला डबा.

"तू कुठे?"

"येतो मी. एवढं गाव हिंडवलं तुम्ही मले कागदावर, आता गाडीत हिंडवा." मग डब्यावर हात ठेवून, "पडवीतले अंडे हाये. अर्धे तुमचे. तुमच्या मैत्रिणीले द्या, नाई तं नका देऊ."

गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. सगळ्या वाटेभर पाऊस आणि धनराजचा फोन. जिथे जिथे रेंज येई तिथे तिथे तालुका माझ्या यादीत येऊन पडत होता. आलापल्लीच्या पुढे रेंज गेली आणि जंगलात पहिल्यांदा कोणाचंच काही काम माझ्याकडे उरलं नाही. एकच होतं, ते झालेलं दाखवत होतं.

हेमलकसा ओलांडून पुलाच्या तोंडाशी आलो. आडवा बांबू बांधलेला, पलीकडे पूल नव्हताच. नुसतं लाल पाणी, आणि त्यातून वाहत जाणारं एक अख्खं झाड. पलीकडच्या काठावर भामरागडची घरं दिसत होती, बोटाएवढी. हे रेनकोटात उभे राहिले. धनराजने डोक्याला हात लावला. मी डबी हातात घेऊन पाण्याकडे बघत होते. मागच्या वर्षी आलापल्लीला अडकलो, या वर्षी पुलाला. एवढ्या यातायातीने आम्ही साठ-पासष्ट किलोमीटर पुढे सरकलो होतो.

"जोहार," मागून कोणी म्हणालं.

चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली रुखमा बसली होती. नदीच्या अलीकडे. पायाशी गाठोडं.

"तू इकडे कशी?"

"पानी चढाच्या आधीच आलो. मले माईत हाये न तू," ती म्हणाली. तिची मराठी माझ्याकडून शिकलेली आहे, त्यामुळे तिच्यात दया नाही. "तू येते, पण पुलापर्यंत येते. मंग मी कायले तिकडं बसू?"

मी तिच्या नाकावर चष्मा चढवला. काड्या कानामागे अडकवल्या. ती आधी नदीकडे बघत बसली, बराच वेळ. मग धनराजकडे, रीताच्या डब्यातल्या अंड्यांकडे. यांच्या रेनकोटाकडे. मग माझ्याकडे.

"आशा, तू लय म्हातारी झाली."

"तू पण झालीस."

"असन. मी माह्याकडं कुठी पाह्यतो."

रीता पदरात तोंड घालून हसली. महिन्यात पहिल्यांदा.

पाणी उतरायचं नाव घेईना, तिला परत जाता येईना. पलीकडच्या काठावर आलेल्या लालसूला हात हलवून, ओरडून, जेवढं कळलं तेवढं कळवलं आणि रुखमाला घेऊन आम्ही पोंभुर्ण्याला आलो. ती पोळ्यापर्यंत आमच्याकडे राहिली. आल्या दिवशीच तिने यांच्या हाती कसलासा पाला वाटून दिला. हे निमूटपणे प्याले आणि आठ दिवसांत पुन्हा पानठेल्यावर जाऊ लागले. ती चौकशी तिथे अजून होते. फरक एवढाच की हे आता मान ताठ ठेवून उत्तर देतात.

कवळी दुरुस्त झाली. त्यासाठी यांना वणवण करावी लागली नाही, चंद्रपूरला जाणाऱ्या प्रत्येकाला ते काम माहीत होतं.

दिवाळीला दिव्यानी आली. सगळं ऐकून ती कितीतरी वेळ कपाळाला हात लावून बसली. पासवर्डचं ऐकल्यावर तिने दुसरा हातही लावला. मग सेतू केंद्रात बसून तिने लोकांना वेगवेगळे ईमेल काढून दिले. लोकांनी ते घेतले, आणि ते वाचून दाखवायला आपापले फोन धनराजकडेच नेऊ लागले. धनराजचं काम उलट वाढलं. तो म्हणतो, पूर्वी बरं होतं, साऱ्यांचं एका जागी दिसे. माझा नवा ईमेल मी पुठ्ठ्यावर लिहून कपाटाला चिकटवला होता. त्याला वाळवी लागली. जुना धनराजने बंद केलेला नाही; लालसू अजून त्यावरच लिहितो आणि धनराज कोणाच्या तरी हाती पाठवून देतो.

रीताची ती कोंबडी पुढच्या थंडीत रानमांजराने नेली. नवीन आणली ती रीताच्याच घरी अंडी घालते. पडवी सुनी वाटते. रीता मात्र अंडी अर्धी आणून देते, मी नको म्हणते, ती ठेवून जाते.

त्या यादीत भामरागडची ओळ अजून तळाशी आहे, रेघ मारलेली. दिव्यानी म्हणाली, आई, त्याची टिक काढ, म्हणजे पुन्हा आठवण येईल. मी काढली नाही. तेंदूपत्ता संपत आला की आता धनराज विचारतो, रीता विचारते, पानवाला विचारतो, वरून येणारा-जाणारा विचारतो. विसरायची सोयच उरलेली नाही.

रुखमा चष्मा रोज लावत नाही. लालसू रागावतो. ती म्हणते, पाह्यासारखं काही आलं तर लावतो. गाठोड्यात, लुगड्याच्या घडीत तो ठेवलेला असतो. मी मे संपता संपता जाते, बस पूल ओलांडून थांबते, गुडघे धरत मी पायऱ्या उतरते, आणि ती तिथल्या स्टँडवर उभी राहून आधी गाठोडं सोडते.

मग चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत बघते आणि मागच्या वर्षी बोललेलं पुन्हा बोलते.